‘यापूर्वीचे नाव’ या रकान्यात

लग्नात माझं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, पेढे वाटले गेले, आणि माहेर सोडून बाकी सगळीकडे मी त्या नावाची झाले. सोळा वर्षांनी न्यू जर्सीतल्या घरी जेवणाच्या टेबलावर अर्ज भरायला बसले, तेव्हा ‘यापूर्वी वापरलेली सर्व नावे’ असा एक रकाना समोर आला. दहावीपासून पदवीपर्यंतची प्रमाणपत्रं एका नावाची, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, आणि राजपत्रात नावबदल कधी छापलेलाच नाही. लेकीला दत्तक घेऊन घरी आणण्याच्या कामातला पहिला दीड महिना मी एकच बाई आहे हे सिद्ध करण्यात गेला.

हे आधी सांगते, कारण या वाटेवर निघणाऱ्या मराठी जोडप्यांना हीच अडचण हमखास येते. माझं नाव, नवऱ्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, आडनाव. कुठे एक ‘ए’ जास्त, कुठे मधलं नाव गायब. दोन्ही नावांनी ओळखली जाणारी व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र सगळ्यात आधी करून घ्या, आणि एकच स्पेलिंग ठरवून ते शेवटपर्यंत सोडू नका.

आम्ही दोघेही अमेरिकन नागरिक, दोघांकडेही ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड. महाराष्ट्रातल्याच मुलाला दत्तक घ्यायचं हे पक्कं होतं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, “अगं, आपल्या ओळखीत बघू. भटजी बोलावू, दत्तकविधान करू, सबरजिस्ट्रारकडे कागद नोंदवू. तुझ्या आजेसासऱ्यांना असंच घेतलं होतं दत्तक.” त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्याने तसं दत्तक घेता येतं. पण भारत २००३पासून आणि अमेरिका २००८पासून आंतरदेशीय दत्तकाच्या हेग कराराने बांधलेले आहेत, आणि नुसत्या नोंदणीकृत दत्तकपत्रावर मुलाला व्हिसा मिळत नाही. ओळखीच्या एका घरात असं झालं होतं. कागद पक्का, मूल हक्काचं, आणि आईला नोकरी सोडून दोन वर्षं त्या लेकरासोबत भारतात राहावं लागलं. ते उदाहरण दिल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मग सरकारी रस्त्यानेच जा. उशीर झाला तरी चालेल.”

सरकारी रस्त्यावर क्रमाला फार महत्त्व आहे. आधी अमेरिकेने ‘हे जोडपं पालक व्हायला योग्य आहे’ असं म्हणायचं. तो आय-८००ए अर्ज. मग आपली फाइल दिल्लीला ‘कारा’कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे जाते. मुलाची माहिती आली आणि आपण होकार दिला, की ‘हेच मूल’ म्हणून दुसरा अर्ज, आय-८००. त्याला तात्पुरती मंजुरी मिळाल्यावर अमेरिकन दूतावास काराला करारातल्या कलम ५चं पत्र देतो, म्हणजे या मुलाला अमेरिकेत येऊन राहता येईल असं कळवतो. त्यानंतरच काराचं ना-हरकत प्रमाणपत्र, मग दत्तक आदेश, मग दत्तक करारानुसार झाल्याचं कलम २३चं प्रमाणपत्र, मग व्हिसा. मधली पायरी गाळून मूल ताब्यात घेतलं किंवा आदेश आधी मिळवला, तर अमेरिकेकडून सगळं प्रकरण नामंजूर होऊ शकतं.

गृहभेटीचा अहवाल करणाऱ्या समाजसेविका चार वेळा घरी आल्या. आमची भांडणं कशी मिटतात इथपासून घरातल्या औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का इथपर्यंत त्यांनी विचारलं. वयाच्या अठराव्या वर्षानंतर जिथे जिथे राहिलो तिथली पोलिसांची प्रमाणपत्रं लागली, माझं पुण्यातलं माहेरच्या नावाने. कारासाठीच्या कागदांवर ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का हवा, त्यासाठी राज्याच्या राजधानीला, ट्रेंटनला खेपा झाल्या. एप्रिल २०२१मध्ये आय-८००ए मंजूर झाला. ही मंजुरी १५ महिन्यांची असते, तेव्हा तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आमच्या लेकीला डाव्या कानाने फार कमी ऐकू येतं. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या यादीत, डिसेंबर २०२१मध्ये, तिची माहिती आम्हाला मिळाली. फोटोत तिने फ्रॉकचा घेर दोन्ही मुठींत घट्ट धरला होता. आम्ही त्याच रात्री होकार ठरवला. वैद्यकीय अहवाल कानाच्या दोन डॉक्टरांना दाखवला तो तिच्यासाठी पुढे काय करावं लागेल ते कळावं म्हणून.

आता त्या कागदाबद्दल, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

आय-८००सोबत मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं असल्याचा पुरावा जोडावा लागतो. बालकल्याण समितीचा तसा आदेश फाइलमध्ये होता, आणि त्याच्यामागे वर्तमानपत्राच्या एका कात्रणाची झेरॉक्स. जाहीर आवाहन. दोन वर्षांच्या माझ्या लेकीचा फोटो, अंगावरच्या कपड्यांचं वर्णन, आणि खाली लिहिलेलं की या बालिकेच्या पालकांनी किंवा नातेवाइकांनी संपर्क साधावा. ती कुठे आणि कशी सापडली हे मी लिहिणार नाही, ती गोष्ट तिची आहे. पण दोन वर्षांवरच्या सोडून दिलेल्या मुलासाठी कायदा चार महिने देतो. ते चार महिने लोक तिच्या माणसांचा शोध घेत होते. पोलिसांचा अहवाल होता, समितीच्या नोंदी होत्या. कोणी आलं नाही.

तोपर्यंत मी प्रत्येक कागदावर चिडत होते. ते कात्रण वाचल्यावर मला बराच वेळ बोलता आलं नाही. माझ्यासारखीच एखादी बाई कुठे तरी ते आवाहन न वाचताच राहिली असेल, किंवा वाचून गप्प बसली असेल. ही मुलगी कोणाची हिसकावून घेतलेली नाही, विकलेली नाही, याची खात्री इतक्या लोकांनी इतक्या वेळा करून घ्यावी असं मला त्यानंतर मनापासून वाटू लागलं.

मार्च २०२२मध्ये तात्पुरती मंजुरी आली, पुढच्या महिन्यात कलम ५चं पत्र, मेमध्ये काराचं ना-हरकत. जूनमध्ये, लेक जिथे वाढत होती त्या संस्थेने जिल्हा न्यायालयात दत्तक आदेशासाठी अर्ज दाखल केला. जुलैमध्ये आमचे १५ महिने संपत होते, म्हणून गृहभेटीचा अहवाल नव्याने करून आधीच मुदतवाढ मागितली. हे वेळेत केल्याचा पुढे फार उपयोग झाला, कारण १ सप्टेंबर २०२२ला कायदा बदलला. दत्तकाचे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायचे असं ठरलं, आणि आमची फाइल दोन्हींच्या मध्ये अडकली. न्यायालय म्हणे प्रकरण वर्ग होणार, जिल्हाधिकारी कार्यालय म्हणे अजून आलेलं नाही. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर लेक दिसायची. संस्थेतल्या ताई आठवणीने तिच्या उजव्या बाजूला फोन धरायच्या. ती विचारायची, “विमान कधी?” तिला काय सांगावं याची तयारी मी कॉलच्या आधी करायचे आणि तरी दर वेळी शब्द सापडायचे नाहीत. दिवाळी गेली. जानेवारी २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रलंबित प्रकरणं जिल्हाधिकाऱ्यांकडे वर्ग करण्याला स्थगिती दिली, आणि पुढच्याच महिन्यात आमच्या प्रकरणात न्यायालयाचा आदेश झाला.

चूक पुढे झाली. आमची नावं पालक म्हणून घातलेला जन्मदाखला आला, तर आईच्या नावात एक अक्षर कमी. पुन्हा नाव! दुरुस्तीला तीन आठवडे गेले. खिडकीवरच्या माणसाने तसाच कागद पुढे चालवायला सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही ते बरं झालं, कारण त्याच दाखल्यावर तिचा भारतीय पासपोर्ट निघाला आणि पासपोर्टवर व्हिसा. छापील दाखला हातात घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा.

मेमध्ये तिला घेऊन दिल्लीला गेलो. संस्थेतून निघताना ज्या मावशींनी तिला तीन वर्षं न्हाऊ-माखू घातलं त्यांनी तिच्या पिशवीत राजगिऱ्याचे लाडू दिले आणि आत निघून गेल्या, बाहेर आल्याच नाहीत. वैद्यकीय तपासणीत क्षयरोगासाठी रक्त घेतलं. दोन वर्षांवरच्या मुलांना ते लागतं. पहिल्या दोन वर्षांच्या लसींची नोंद तिच्याकडे असणार कुठून? पण दत्तक मूल दहा वर्षांच्या आतलं असेल तर पोचल्यावर तीस दिवसांत लसी देऊ असं प्रतिज्ञापत्र चालतं. दूतावासातली मुलाखत दहा मिनिटांची होती. अधिकाऱ्याने आम्हाला शपथ घ्यायला लावली तेव्हा आमचे उजवे हात वर झालेले बघून तिनेही हात वर केला.

तिच्या पासपोर्टवर आयएच-३ व्हिसा होता. त्यावर आलेलं मूल अमेरिकेत आई-वडिलांकडे राहायला पाय ठेवतं त्याच क्षणी नागरिक होतं. नेवार्क विमानतळावर शिक्का बसला तेव्हा ती माझ्या खांद्यावर झोपली होती. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र नंतर टपालाने आलं, वेगळा अर्ज न करता. काराला दोन वर्षांत सहा अहवाल द्यायचे असतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. शेवटचा गेला २०२५च्या उन्हाळ्यात.

अमेरिकन नागरिक झाली म्हणजे भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. पुष्कळ लोक हे विसरतात आणि पुढे भारतात जायच्या वेळी अडतात. तो जमा करताना माझा हात आखडला. त्या पासपोर्टवर तिने आयुष्यात एकदाच प्रवास केला होता, माझ्याकडे येण्याचा. मग तिच्या ओसीआयचा अर्ज भरायला त्याच जेवणाच्या टेबलावर बसले. नाव कधी बदललं आहे का, असेल तर आधीचं नाव लिहा. तिचं नाव आम्ही बदललं नव्हतं, मावशींनी ठेवलेलंच आहे, पुढे फक्त बाबांचं नाव आणि आडनाव जोडलं. कात्रणातल्या फोटोखाली जो एकच शब्द छापला होता, तो मी त्या रकान्यात लिहिला.

ती उजवा कान माझ्याकडे करून शेजारी बसली होती. “काय लिहिलंस?” म्हणाली. मी वाचून दाखवलं. “आणि तुझं आधीचं?” मी माझं माहेरचं नाव सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं.