वरण सापडलं, भात नाही

लोकलमध्ये शेजारची बाई बराच वेळ माझ्या बोटाकडे बघते आणि दादर यायच्या आत विचारतेच, "आडवं सोडून उभं काय वाचताय?" ओळखीच्यांचा प्रश्न जरा पुढचा असतो: "त्यात काही संकेत वगैरे असतो का?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते.

मी ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचते. पुस्तक जुनं हवं आणि विषय असा हवा की त्याच्याशी माझं काही देणंघेणं नाही. फाउंटनच्या फुटपाथवरून अशी दोन आणली होती, एक गुरांच्या रोगांवरचं, दुसरं जमाखर्चाचं. पहिल्यात एका पानावर तीन ओळींच्या सुरुवाती अशा होत्या: 'व', 'रक्त', 'णतः'. वरण! महिनाभराने जमाखर्चाच्या पुस्तकात 'व', 'रक्कम', 'णपणे'. पुन्हा वरण. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. आई म्हणाली, "दोनदा वरण निघालं ना, आता भात शोध."

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. मराठीत 'ण'ने किंवा 'ळ'ने शब्द सुरू होत नाही, तेव्हा हे वरण निघायलाच नको होतं. पण जुन्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याला ओळ तंतोतंत भरायची असे. ओळीत जागा संपली की तो 'साधार-' वर तोडायचा आणि 'णतः' खाली ढकलायचा. दोन्ही पुस्तकांत एकच 'साधारण' तुटला होता. 'व' तर जुन्या गद्यात दर दोन वाक्यांआड. गुरांना रक्त लागतं, वहीला रक्कम. राहिला काय योगायोग? थोडासा.

आणि संधी किती, तेही बघा. पानावर तीस ओळी धरल्या तर सलग तीन अक्षरांचे अठ्ठावीस गट होतात. अडीचशे पानांत सात हजार. त्यात ओळखीचा एखादा शब्द निघाला नाही तरच नवल. न जमलेले हजारो गट कोण लक्षात ठेवतं? मी तरी नाही ठेवले.

बायबलच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १९९४ साली एका संख्याशास्त्राच्या नियतकालिकात लेख आला: 'उत्पत्ती' या बायबलच्या पहिल्या पुस्तकातली हिब्रू अक्षरं ठरावीक अंतराने उचलली की नामांकित रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची, नावं आणि त्यांच्या जन्ममृत्यूच्या तारखा एकमेकांजवळ सापडतात. १९९७ मध्ये त्यावर खपाऊ पुस्तक निघालं. त्याच्या लेखकाने टीकाकारांना आव्हान दिलं, पंतप्रधानाची हत्या 'मोबी डिक'मध्ये शोधून दाखवा. ब्रेंडन मकाय या गणितज्ञाने त्या देवमाशाच्या कादंबरीतून बऱ्याच हत्या काढून दाखवल्या, इंदिरा गांधींचीसुद्धा. १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात मूळ लेखाचं खंडन छापून आलं. मुद्दा साधा होता. रब्बींच्या नावांची कुठली रूपं धरायची, कुठली सोडायची, एवढी मोकळीक घेतली की हवं ते हाती लागतं.

उलट प्रश्नाचा कौल बघायची रामशलाका घ्या. २२५ घरांचा चौकोन, दर नववं अक्षर उचललं की रामचरितमानसातली चौपाई तयार. ती मात्र कुणीतरी बसून रचलेली आहे. कोड्याची कारागिरी म्हणून मला ती फार आवडते.

त्यामुळे आता मी नियम केलाय, शब्द आधी ठरवायचा आणि पुस्तक मग उघडायचं. आईच्या भातापासून सुरुवात केली. गुरांच्या पुस्तकात 'त' ढीगभर, 'तर', 'तसेच', पण 'भा' काही मिळेना. शेवटी एका ओळीच्या तोंडाशी 'भाकड' आली. खालची ओळ बघितली, तर तिथे 'ताप'.

"भाता," मी आईला म्हटलं.

"मग जा, लोहाराकडे जेव."