यादीतून गेलेला रस्ता, ओढ्यात राहिलेली मोरी

परतीच्या पावसाने झोडपलेल्या रात्रीनंतर सकाळी निरोप आला, विट्याच्या अलीकडे नव्या रस्त्याची साइडपट्टी खचली म्हणून. डांबराच्या कडेपासून दोन फूट आत विळ्यासारखी वाकडी भेग होती, लांबी चौदा मीटर. भेगेबाहेरचा भाग फूटभर खाली बसला होता. खाली येरळेला मिळणारा ओढा. अशा ठिकाणी पहिला संशय मोरीवर जातो: पाणी जोरात आलं, पाइपांच्या तोंडाशी खड्डा पडला आणि भराव तळातून गेला. पण इथे पाइपांपुढची फरशी जागच्या जागी होती, तिच्याखाली खळगा नव्हता आणि १२०० मिलिमीटरचे तिन्ही पाइप मोकळे होते.

कारण ओढ्याच्या खालच्या अंगाला सापडलं. तिथे चाळीस मीटरवर जुन्या राज्यमार्गाचा ६४० मीटरचा तुकडा पडून आहे. वळण सरळ केलं तेव्हा तो बाजूला राहिला आणि राज्यमार्गांच्या यादीतून निघाला. आता त्यावरून ट्रॅक्टर आणि बैलगाड्या शेतात जातात, एवढंच. त्याच्या भरावावर काडीकचऱ्याची रेघ होती, तशीच नव्या भरावावरही. लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण लावली, तर दोन्ही रेघा एकाच उंचीच्या. वाहत्या पाण्याची रेघ उताराबरोबर खाली उतरत जाते. ही सपाट होती, म्हणजे पाणी वाहत नव्हतं, तुंबून उभं होतं. दोन भरावांमध्ये रात्री तळं झालं होतं.

जुनी मोरी दगडी कमानीची, दोन-दोन मीटरच्या दोन गाळ्यांची. तळापासून कमानीच्या माथ्यापर्यंत उंची दोन मीटर. दोन्ही गाळे मिळून पाण्याला सात चौरस मीटरची वाट. नव्या तीन पाइपांची बेरीज साडेतीन चौरस मीटरही भरत नाही. ज्यांनी ही मोरी बांधली त्यांनी ओढा नीट ओळखला होता. पण यादीतून गेल्यावर पावसाळ्याआधीची सफाई थांबली. गाळ चढत गेला, त्यावर बाभळीच्या फांद्या अडकल्या, ठिबकच्या फाटक्या नळ्या आल्या आणि द्राक्षांच्या छाटणीच्या काड्यांनी उरलेली फट विणून टाकली. आम्ही पाहिलं तेव्हा माथ्याखाली जेमतेम चाळीस सेंटिमीटर उघडं होतं. कमान वर निमुळती असल्याने दोन्ही गाळे मिळून ती वाट एक चौरस मीटरही होत नव्हती.

नुसत्या तुंबण्याने भराव सहसा घसरत नाही. बाहेर पाणी उभं असतं तोवर ते उताराला आधारच देतं. पहाटे काड्यांचा बोळा निसटला आणि पाणी झपाट्याने चार फूट उतरलं. बाहेरचा आधार गेला, पण भरावाच्या आतलं पाणी तेवढ्या वेगाने निघू शकलं नाही, कारण भरावात मुरमाबरोबर काळी माती मिसळलेली होती. भिजून जड झालेला उतार स्वतःच्या वजनाने घसरला. खचलेल्या जागी नुसता मुरूम ओतला असता, तर पुढच्या पावसात हेच पुन्हा झालं असतं.

जुन्या भरावावर पोकलेन चढवता येईल का, हे ठरवण्यासाठी कमानीपासून दहा मीटरवर एक मीटर चौरस खड्डा घेतला. अर्ध्या मीटरच्या जाडीत त्या रस्त्याचं आयुष्य उभं होतं. वर वीस-वीस मिलिमीटरचे डांबरी कार्पेटचे तीन थर. खाली पन्नास मिलिमीटर बीबीएम, म्हणजे डांबराने बांधलेली खडी. मग पाऊण-पाऊणशे मिलिमीटर खडीकरणाचे दोन थर, पण दोन्हींतली खडी वेगळी. वरची क्रशरची: चपट्या कपच्या बऱ्याच, भुकटी जास्त. खालची घणाने फोडलेली: चौकोनी, कोपरे दणकट, एखाद्या दगडावर घावाचा पांढुरका ठिपका. सर्वांत खाली नऊ इंच सोलिंग, म्हणजे पायाचा दगडी थर, दगड एकेक उभा लावून फटींत कपच्या ठोकलेल्या.

एक निवृत्त मैलकुली, म्हणजे रस्त्याच्या देखभालीचे कामगार, बांधावर येऊन उभे होते. हातखडी पाहून म्हणाले, "साहेब, ही भात्तरच्या दुष्काळातली. आमची आई हितंच खडी फोडाय यायची." १९७२च्या दुष्काळात खानापूर, आटपाडी, जतमध्ये हजारो हात अशाच कामांवर जगले. रोजगार हमीचा पहिला प्रयोग विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५मध्ये केला तोही याच सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला. म्हणून असा थर दिसला की त्याची जाडी मोजून पुढे जाणं मला जमत नाही.

त्यांनीच आणखी एक गोष्ट दाखवली. कठड्याशेजारचा किलोमीटरचा दगड कलला होता. तो उपटला, तर जमिनीतल्या टोकावर कोरलेलं होतं: कऱ्हाड २२. मैल गेले आणि किलोमीटर आले, तेव्हा मैलाचा दगड उलटा पुरून दुसऱ्या टोकावर नवा आकडा घातला होता. विटा ज्या खानापूर तालुक्यात आहे तो १९४९पर्यंत सातारा जिल्ह्यात होता, नंतर दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि १९६०मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. दगडाने ही सगळी नावं पाहिली आहेत.

खड्डा पाहून पोकलेन भरावावर घेतलं, पण कमानीवर नेलं नाही. काम उलट्या क्रमाने केलं तर माणूस जातो. वरच्या अंगाला पाणी उभं असताना खालून गाळ काढू नये. बोळा सुटला की सगळं अंगावर येतं. आधी दोन डिझेल पंप लावून उरलेलं पाणी सावकाश उतरवलं, घाई केली असती तर उतार आणखी घसरला असता. मग खालच्या तोंडाकडून फावड्याने, एका वेळी एकच गाळा.

सांध्यांत पिंपळ रुजला होता. तो वरून छाटला तर दुप्पट फुटतो, म्हणून चार दगड सैल करून मुळासकट काढला. दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, सिमेंटने भरू नयेत: सिमेंट चुन्यापेक्षा ताठ, आतली ओल कोंडून धरतं आणि दगडाची कड उडवतं. एक भाग चुना, दोन भाग वाळू आणि सोबत विटांची सुरकी, म्हणजे भुकटी, कारण नुसता चुना ओलीत धरत नाही. वर आठवडाभर ओलं गोणपाट.

नव्या रस्त्याचा घसरलेला भाग पक्क्या मातीपर्यंत खणला, उतारात फूटफूटभर पायऱ्या कापल्या, निवडक मुरूम वीस सेंटिमीटरच्या थरांनी दाबत वर आणला. पायथ्याला खडीची गाळणी घालून दगडांची रास रचली, म्हणजे आतलं पाणी माती न नेता बाहेर पडेल.

जुना तुकडा राज्यमार्गाच्या यादीत परत येणार नाही. म्हणून नव्या मोरीच्याच नोंदीत एक ओळ वाढवली: खालच्या अंगाला ४० मीटरवर दगडी कमान, २ गाळे, मे महिन्यात गाळ काढणे. कऱ्हाड २२ पुन्हा कठड्याशेजारीच उभा केला, या वेळी मैल वर ठेवून.