दोन नळ्यांचा रेग्युलेटर

तारकर्लीला किंवा मालवणला स्कूबा केलं असेल, तर तोंडात धरायचा तो काळा प्लास्टिकचा तुकडा आणि त्याला जोडलेली एकच नळी आठवत असेल. बुडबुडे तोंडासमोरूनच वर जातात आणि कानाशी सारखी खळखळ चालू असते. १९५०च्या दशकातला पाणबुड्या असा दिसत नसे. त्याच्या दोन्ही गालांना लागून दोन जाड, वळ्यावळ्यांच्या रबरी नळ्या मागे जायच्या आणि मानेखाली, सिलिंडरच्या तोंडावर, पितळेची एक गोल चपटी डबी बसलेली असायची. ती डबी म्हणजे रेग्युलेटर, सिलिंडरमधली हवा श्वासाच्या मागणीप्रमाणे सोडणारं यंत्र. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्समथजवळ राहायला आल्यापासून मी फावल्या वेळात या डब्या शोधते, उघडते, दुरुस्त करते आणि जमण्यासारखं असेल तर त्या पाठीला लावून समुद्रात उतरते. घरचे फोनवर दर वेळी विचारतात, "नक्की करतेस तरी काय?" म्हणून हे सविस्तर.

या भागात राहून पाण्याखालच्या इतिहासाकडे पाठ फिरवणं कठीण आहे. १५४५ साली इथल्याच खाडीत 'मेरी रोझ' हे राजाचं लढाऊ जहाज बुडालं. १८३६ साली मच्छीमारांची जाळी पाण्याखाली कशात तरी अडकायला लागली, तेव्हा जॉन डीन नावाचा पाणबुड्या खाली उतरला आणि त्याने त्या जहाजाच्या तोफा वर काढल्या. त्याच्या डोक्यावर जे तांब्याचं हेल्मेट होतं त्याचं मूळ मोठं विलक्षण आहे. डीन बंधूंनी ते आधी आग लागलेल्या धुराच्या जागी शिरण्यासाठी योजलं होतं. पुढे लंडनच्या ऑगस्टस सीब यांनी त्याला पूर्ण बंद पोशाखाची जोड दिली, आणि सीब गॉरमन या कंपनीचं नाव शंभराहून जास्त वर्षं जगभरच्या गोद्यांमध्ये पोचलं. खाडीपलीकडे गॉस्पोर्टला, स्टोक्स बेच्या किनाऱ्यावर, एका जुन्या लष्करी बॅटरीच्या, म्हणजे तोफांच्या ठाण्याच्या, इमारतीत पाणबुड्यांच्या सामानाचं संग्रहालय आहे. इकडे कोणी पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेते, लंडन नंतर.

हेल्मेटांचा विषय निघालाच आहे, तर आपल्याशी संबंधित एक गोष्ट सांगायलाच हवी. इथल्या लिलावांत आणि ऑनलाइन बाजारात जी चकचकीत 'जुनी' हेल्मेटं दिसतात, त्यातली पुष्कळशी भारतात तयार झालेली असतात. उत्तराखंडातलं रुडकी हे अशा जहाजी शोभेच्या वस्तूंचं मोठं केंद्र आहे. मुंबईच्या चोर बाजारातही ती मांडलेली दिसतात. शोभेची वस्तू म्हणून विकली तर त्यात वावगं काही नाही, कारागिरी छानच असते. पण त्यावर जुन्या कंपनीच्या नावाची पट्टी ठोकली की ती फसवणूक होते, आणि त्या कारागिरांच्या हाताचाही तो अपमान आहे असं मला वाटतं. ओळखायचं कसं? खरं हेल्मेट उचलताना दोन्ही हात लागतात, नकली बऱ्याचदा हलकं लागतं. खऱ्यात हेल्मेट आणि खांद्यावरचा भाग यांवर नंबर कोरलेले असतात आणि ते सहसा जुळतात. हवेच्या नळीच्या तोंडाशी उलटी हवा अडवणारा व्हॉल्व्ह असतो, कारण तो नसेल आणि वरची नळी तुटली तर माणूस वाचत नाही. आणि आत बघायचं. खऱ्या हेल्मेटला आतून कल्हई असते. आपल्या आज्यांच्या भांड्यांना असायची तीच, कथलाची.

मी स्वतः हेल्मेटं जमवत नाही. किंमती आवाक्याबाहेर आहेत आणि ती वापरायची तर वर पंप आणि माणसं लागतात. माझा जीव दोन नळ्यांच्या रेग्युलेटरवर, कारण तो एकटीने उघडता येतो आणि पूर्ण समजतो.

त्याची जन्मकथा युद्धातली. पॅरिसमध्ये पेट्रोल मिळेना, म्हणून एअर लिक्विड कंपनीतले इंजिनिअर एमिल गान्यां यांनी मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक व्हॉल्व्ह तयार केला होता. फ्रेंच आरमारातले जाक कुस्तो यांना पाण्याखाली मागणीप्रमाणे हवा देणारं काहीतरी हवं होतं. डिसेंबर १९४२ मध्ये दोघे भेटले आणि काही आठवड्यांतच मार्न नदीच्या गार पाण्यात पहिली चाचणी झाली. ती नीट जमली नाही. उभं राहिलं की हवा भसाभस वाहून जायची, डोकं खाली केलं की श्वास ओढवेना. कारण सापडलं ते इतकं साधं होतं की अजूनही विचार केला की मन प्रसन्न होतं. हवा आत येण्याची जागा आणि उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा वेगवेगळ्या उंचीवर होत्या, म्हणजे दोघींवर पाण्याचा दाब वेगळा. दोन्ही शेजारी आणल्या आणि प्रश्न मिटला. १९४३च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कुस्तो त्याच रेग्युलेटरवर मनसोक्त पोहत होते.

म्हणून तर जुन्या रेग्युलेटरला दोन नळ्या. उजव्या नळीतून हवा येते, डाव्या नळीतून उच्छ्वास परत मागे, डबीकडेच जातो. डबी उघडली की हे सगळं समोर दिसतं. एका बाजूला तळहाताएवढा रबरी पडदा, डायफ्राम. त्याच्या बाहेर समुद्राचं पाणी, आत तुमची हवा. श्वास ओढला की पडदा आत दबतो, तरफेवर टेकतो, तरफ पिनेला ढकलते आणि सिलिंडरची हवा सुटते. श्वास थांबला की पडदा मागे जातो, हवा बंद. आणि पडद्याच्या अगदी जवळ रबराचा चपटा, दोन ओठांचा व्हॉल्व्ह, उच्छ्वास बाहेर सोडणारा. मार्न नदीतला धडा त्या जागेवर बसलेला आहे.

माझ्या टेबलावर सर्वात जास्त वेळा आलेलं मॉडेल म्हणजे फ्रान्सच्या ला स्पिरोटेक्निक कंपनीचं मिस्त्राल, १९५५ सालचं. दक्षिण फ्रान्समध्ये सुटणाऱ्या जोरदार वाऱ्याचं ते नाव. यात सिलिंडरचा दाब एकाच टप्प्यात उतरवतात आणि सुटलेल्या हवेचा झोत थेट उजव्या नळीत सोडतात. तो झोत जाताजाता डबीतली हवा आपल्याबरोबर ओढतो, पडदा आणखी दबतो, म्हणजे एकदा श्वास सुरू केला की पुढचं काम यंत्रच करतं. इतक्या मोजक्या भागांत इतकी अक्कल भरलेली दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही.

असे रेग्युलेटर मिळतात कुठे? रविवारच्या कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात, घर आवरायला काढलेल्यांकडून, जुन्या डायव्हिंग क्लबच्या माळ्यावरून. ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब ही हौशी पाणबुड्यांची संघटना १९५३ साली निघाली तेव्हा तयार सामान महाग होतं, म्हणून इथल्या हौशी लोकांनी स्वयंपाकाच्या गॅसच्या रेग्युलेटरमधून आणि हवाई दलाच्या भंगारातल्या ऑक्सिजन सिलिंडरांतून स्वतःचे सेट बांधले. असा घरगुती सेट सापडला तर मी त्याला हात लावत नाही, फक्त पुसते आणि कोरडा ठेवते. त्यावरचा प्रत्येक वेडावाकडा झाळलेला सांधा हा कोणीतरी स्वतःच्या श्वासासाठी केलेला विचार आहे.

कारखान्यात बनलेल्या डबीचं काम मात्र ठरलेल्या क्रमाने होतं. आधी फोटो, मग स्क्रू. जुने स्क्रू मिठाने धरलेले असतात. त्यांना जोर लावायचा नाही, कोमट पाण्यात भिजत ठेवायचं. आत हिरवा कळंक, वाळलेलं मीठ, चुरा झालेलं रबर. आईने फोनवर हे पाहिलं आणि म्हणाली, "चिंच लाव गं, पितळ आहे ना!" तिचं तत्त्व बरोबर आहे, आंबटाने कळंक सुटतो. मी पांढरं व्हिनेगर पाण्यात पातळ करून वापरते. पण घासायचं नाही, कारण बाहेर क्रोमचा मुलामा आहे आणि आत व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटच्या कडा केसभर ओरखड्यानेही गळायला लागतात. आणि काही मिनिटांतच बाहेर काढायचं. आंबटात जास्त वेळ राहिलं तर पितळेतलं जस्त निघून जातं आणि पिवळा धातू गुलाबी दिसू लागतो. त्या गुलाबी जागेचा पुढे भरवसा नाही. मग सोड्याच्या पाण्यात बुचकळायचं, साध्या पाण्याने धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं.

रबर मात्र सगळं नवं. डायफ्राम, व्हॉल्व्ह, ओ-रिंग, नळ्या. जुनी नळी जरा ताणली की वळ्यांच्या खोबणीत बारीक चिरा दिसतात. आज सिलिकॉनचे सुटे भाग छोटे उत्पादक बनवतात, म्हणून हे शक्य आहे. मूळ नळ्या मी चिठ्ठी लावून वेगळ्या जपते. ग्रीस लावायचं ते सिलिकॉनचं, आणि अगदी नावाला. साधं तेल उच्च दाबाच्या हवेजवळ कधीही नाही.

सगळं जोडल्यावरची पहिली परीक्षा सिलिंडर उघडण्याआधीच घ्यायची. रेग्युलेटर बंद सिलिंडरला लावून तोंडाने हवा ओढायची. आत काहीच येता कामा नये. नळ्या किंचित आवळतात, पडदा ताठ होतो आणि तसाच राहतो. कुठूनही बारीक सुर्र ऐकू आली तर पुन्हा उघडायचं.

सिलिंडरच्या बाबतीत मी जुन्याचा हट्ट धरत नाही. इथे पाण्याखाली वापरायच्या सिलिंडरची दर अडीच वर्षांनी आतून तपासणी आणि दर पाच वर्षांनी दाबाची चाचणी होते. साठ वर्षांपूर्वीच्या पोलादाला आतून गंज किती खोल गेलाय, हे वरचा रंग पाहून सांगता येत नाही. चाचणीत नापास झालेला सिलिंडर भिंतीशी उभा करायचा, बस. मी दोन तोंडांचा आजचा सिलिंडर घेते. एका तोंडावर जुना रेग्युलेटर, दुसऱ्यावर आधुनिक, दाबाच्या गेजसह. आणि २३२ बार दाबाचा सिलिंडर पूर्ण भरून मिस्त्रालला कधीच जोडत नाही. त्या काळी सिलिंडर इतक्या दाबाचे नसायचे.

डुबकीची जागा म्हणजे डॉर्सेटमधला स्वॉनेजचा धक्का. पाणी जेमतेम चार-पाच मीटर खोल, लाकडी खांबांना समुद्री शेवाळ आणि स्पंज लगडलेले, खांबांच्या फटींतून टॉमपॉट ब्लेनी नावाचे मासे डोळे वटारून बाहेर बघतात. एका नळीच्या रेग्युलेटरने त्यांच्याजवळ गेलं की बुडबुड्यांमुळे ते आत पळतात. दोन नळ्यांत बुडबुडे मानेमागून सुटतात, चेहऱ्यासमोर पाणी स्थिर असतं आणि मासा तिथेच बसून राहतो. शरीराची प्रत्येक हालचाल श्वासाला कळते. पालथं पोहताना डबी फुप्फुसांपेक्षा वर असते, म्हणून हवा जरा ओढून घ्यावी लागते. उताणं झालं की हवा आपणहून भरभर येते. तोंडातला तुकडा सुटून पाणी शिरलं तर डावीकडे कलायचं आणि फुंकायचं, म्हणजे पाणी उच्छ्वासाच्या नळीतून निघून जातं. आजच्या रेग्युलेटरला यातलं काही लागत नाही. तो जास्त सोपा आणि जास्त सुरक्षित आहे, नवशिक्यांनी त्यावरच शिकावं. पण श्वास आणि खोली यांचं नातं मला कळलं ते मिस्त्रालमुळे.

आता एक विनंती. मुंबईच्या गोदीत किंवा नौदलात पाणबुड्या म्हणून काम केलेलं कोणी तुमच्या घरात असेल, आणि माळ्यावर शिशाच्या तळव्यांचे बूट, तांब्याचं हेल्मेट, अशी एखादी गोल डबी किंवा नुसती पितळेची सुरी पडली असेल, तर ती भंगारवाल्याला देऊ नका आणि चकचकीत घासूही नका. कोरड्या कापडाने पुसा. कोरलेला नंबर आणि नावाची पट्टी यांचे फोटो काढा. आणि ज्यांनी ती वापरली ते आजोबा, काका हयात असतील, तर त्यांच्याजवळ बसून कुठल्या धक्क्याला, किती खोल, कशासाठी उतरायचे हे विचारून लिहून ठेवा. ती माहिती कुठल्याही संग्रहालयात मिळणार नाही.