आमची वाटचाल: टॅलीतल्या बिलापासून ग्राहकाच्या दारापर्यंत

व्यापाऱ्याचं बिलिंग सॉफ्टवेअर आणि कुरिअर कंपनीची सिस्टीम एपीआयने, म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी आपसात माहिती देण्या-घेण्याच्या सोयीने, जोडून देणं हा आमचा धंदा. सुरुवात झाली ती टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या देखभालीपासून. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतल्या दुकानांत आम्ही रात्री उशिरापर्यंत बसून असायचो. मग १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन काढलेला कागद, लागलं. बिल एकीकडे आणि वाहतूक दुसरीकडे, असं आता चालणार नाही, हे तेव्हाच दिसलं.

नागपुरात हे काम मिळायला वेळ लागला नाही. राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ इथेच एकमेकांना छेदतात, वाडीकडे ट्रान्सपोर्टची गोदामं आहेत, आणि साडीपासून संत्रा बर्फीपर्यंत सगळं इथून बाहेर जातं. पण पॅकिंगच्या टेबलावर काय चालायचं? एक मुलगा बिलावरचा पत्ता कुरिअरच्या पोर्टलवर पुन्हा टाइप करायचा, आलेला एडब्ल्यूबी नंबर (कुरिअरने पार्सलला दिलेला नंबर) एक्सेलमध्ये चिकटवायचा आणि मग व्हॉट्सॲपवर ग्राहकाला पाठवायचा. जितके कुरिअर तितकी पोर्टल्स.

आता बिल सेव्ह झालं की पत्ता, पिनकोड, वजन आणि सीओडीची (माल हातात पडल्यावर द्यायची) रक्कम एपीआयने कुरिअरकडे जाते. तिकडून एडब्ल्यूबी नंबर येतो आणि चार बाय सहा इंचाचं लेबल थर्मल प्रिंटरमधून बाहेर पडतं. हे दाखवलं की व्यापारी खूश होतो, पण खरं सांगायचं तर यातलं सोपं काम तेवढंच आहे.

पिनकोडचंच घ्या. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि आजही आमचं सगळं काम त्या सहा आकड्यांवर उभं आहे. पण पहिल्या तीन आकड्यांवरून सेवा मिळेल की नाही हे ठरवता येत नाही. ४४२ मध्ये रेल्वेचं मोठं जंक्शन असलेलं वर्धा येतं आणि गडचिरोलीतलं भामरागडही येतं. म्हणून बिल बनतानाच त्या पूर्ण पिनकोडवर कोणता कुरिअर जातो, सीओडी घेतो का, हे आमचं सॉफ्टवेअर विचारून घेतं. खासगी कुरिअर जात नसेल तर भारतीय डाक हा पर्याय समोर ठेवतं. विदर्भातल्या आतल्या गावाची ऑर्डर 'सेवा नाही' म्हणून परत जाऊ नये, याबद्दल आम्ही हट्टी आहोत.

वजनाचंही असंच. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला ५००० ने भागून किलोतलं वजन काढायचं, ही बऱ्याच कुरिअरची रीत. ३० बाय २५ बाय २० चा खोका प्रत्यक्ष सव्वा किलोचा असला तरी भाडं तीन किलोचं. मिठाईवाल्यांना हे बिलाच्या स्क्रीनवरच दिसलं की ते खोका बदलतात.

सगळ्यात जास्त मेहनत खाल्ली ती पार्सलच्या स्टेटसने. प्रत्येक कुरिअरची भाषा निराळी. एकाकडे 'अनडिलिव्हर्ड' म्हणजे उद्या पुन्हा प्रयत्न होणार, दुसऱ्याकडे तोच शब्द आल्यावर माल परतीच्या वाटेला लागलेला असतो. इतवारीतल्या एका जुन्या ग्राहकाने आम्हाला स्पष्टच सांगितलं, "भाऊ, तुमचे कोड तुमच्यापाशी ठेवा. आज कोणाला फोन लावू, तेवढंच सांगा." त्यावरून आम्ही तक्ता बसवला. कुरिअरचा कोणताही कोड आला तरी व्यापाऱ्याला मोजक्या मराठी ओळी दिसतात: 'ग्राहकाला फोन करा', 'पत्ता तपासा', 'माल परत निघाला'. नवा, अनोळखी कोड आला तर सॉफ्टवेअर अंदाज बांधत नाही, आमच्या माणसाकडे पाठवतं. तो कुरिअरला विचारतो आणि मग तक्त्यात ओळ वाढते. प्रोग्राम कोणीही लिहील, पण हा तक्ता रोज पार्सल पाहिल्याशिवाय तयार होत नाही.

दिवाळीच्या गर्दीत कुरिअरचा सर्व्हर उत्तर द्यायला उशीर लावतो. अशा वेळी तीच मागणी पुन्हा पाठवली तर एका बिलावर दोन एडब्ल्यूबी निघू शकतात. म्हणून बिल नंबरच ओळख म्हणून पाठवतो, आणि पुन्हा मागण्याआधी त्या नंबरावर काही बनलंय का ते तपासतो. वेबहुकवरही, म्हणजे कुरिअरच्या सिस्टीमकडून आपोआप येणाऱ्या खबरीवरही, पूर्ण विसंबत नाही. कुरिअरकडून खबर आली नाही, तर ठरावीक वेळाने आम्हीच विचारतो.

सध्या सीओडीच्या पैशांचा मेळ टॅलीत आपोआप बसवायचं काम चालू आहे. कुरिअर अनेक पार्सलांची रक्कम एकगठ्ठा बँकेत टाकतो, तपशील कधी एपीआयवर येतो, कधी ईमेलमधल्या एक्सेलमध्ये. एडब्ल्यूबीवरून प्रत्येक बिल शोधून तिथे जमा टाकायची आणि न जुळलेली बिलं वेगळी दाखवायची. गांधीबागेतल्या एका कापड दुकानात त्याची चाचणी सुरू झाली आहे.