तिसऱ्या दिवशीच बरं वाटलं होतं

२०१९ साली मला आमवात, म्हणजे संधिवाताचाच एक प्रकार, निघाला. सकाळी बोटं इतकी आखडायची की गॅसचं बटण फिरवायला मुलाला उठवावं लागे. मिरजेच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं. आठवड्यातून एकदाच घ्यायचं, सोबत फॉलिक अ‍ॅसिड. गुण यायला दीड-दोन महिने लागतील, लिव्हरसाठी अधूनमधून रक्त तपासू, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पण दुखत असताना दोन महिने निघत नाहीत.

त्यात वन्संनी व्हिडिओ पाठवला. 'संधिवात मुळापासून घालवा', खाली फोन नंबर. सांगलीच्या हळदीची पुडी म्हणे. ह्यांची हयात मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांत गेली, घरात हळदीला तोटा नाही. तरी मी पुड्या मागवल्या. तिसऱ्या दिवशी बोटं मोकळी! मी गोळ्या सोडल्या.

महिन्याभरात चेहरा सुजला, भूक सुटली, कधी नव्हती ती साखर वाढली. डॉक्टरांपुढे पाकीट ठेवलं. त्यावर ना घटक, ना लायसन नंबर, ना बनवणाऱ्याचा पत्ता.

"हळदीनं तीन दिवसांत एवढा फरक पडत नाही. यात स्टिरॉइड असणार," ते म्हणाले. रागावले नाहीत. पण एकदम बंदही करू दिलं नाही. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, म्हणून मोजून गोळ्या देत हळूहळू उतरवलं. ते दिवस फार वाईट गेले.

तेव्हापासून मी वही ठेवते. सकाळी बोटं किती मिनिटं आखडली, एवढंच लिहायचं. वर्षभराची पानं चाळल्यावर दिसलं की हे दुखणं आपोआपही चढतं-उतरतं. आणि नवं औषध आपण शोधतो ते अगदी असह्य झाल्यावर, म्हणजे बहुधा उतार लागायच्या तोंडावरच. व्हिडिओतल्या बायका खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. त्यांना बरं वाटलंही असेल. मलाही वाटलंच होतं. मधुमेह, संधिवात बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या महिन्यात विट्याहून वन्संचा फोन आला. साखरेवर काढा मागवलाय, इन्सुलिन थांबवू का, विचारत होत्या.

"वन्सं, आजचं इन्सुलिन घ्या. काढ्याची बाटली उघडू नका, मी येते."

दुपारच्या एसटीनं गेले. दुसऱ्या दिवशी बाटली पिशवीत घालून आम्ही दोघी त्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. सील तसंच होतं.