हजाराच्या आतली बाटली: या हंगामातल्या नोंदी

हजाराच्या आत चांगली वाइन शोधायची आणि वहीत नोंदवायची, नियम पूर्वीचेच. ७५० मिलीची बाटली, पुण्यात छापील किंमत हजाराच्या आत, अगदीच मोह झाला तर शंभर-दीडशे वर. देशी-परदेशी कुठलीही चालेल, फक्त गोड पोर्ट नको. पोर्टवाल्यांनी रागावू नये. आमच्याकडे नाताळात तीच उघडते आणि संपतेही सगळ्यात आधी, पण ती शोधावी लागत नाही. कुठल्याही दुकानात समोरच्या फळीवर मांडलेली असते, आणि गिऱ्हाईक बाई असली की दुकानदार न विचारता तीच पुढे करतो.

यंदा वहीत ब्रँडच्या नावांपेक्षा साल, महिना आणि दुकान यांच्याच नोंदी जास्त झाल्यात. का ते खाली येईलच.

फेब्रुवारी, नाशिक

द्राक्षांची काढणी चालू असताना गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनऱ्यांकडे, म्हणजे वाइन बनते तिथे, एक चक्कर मारायची होती, मारली. शनिवार-रविवार जाऊ नका. त्या दिवशी वाइन चाखायच्या खोलीत, टेस्टिंग रूममध्ये, वाइनपेक्षा सेल्फीची गर्दी जास्त असते. मधल्या वारी गेलात तर ओतणारा मुलगा निवांत बोलतो, कुठली टाकी कधी भरली तेही सांगतो.

ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांना हे नवीन नाही, पण बाकीच्यांसाठी लिहिते. आपल्याकडे वेलीची छाटणी दोनदा होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी. घड धरायचे ते दुसऱ्या छाटणीनंतर, म्हणजे फळ पावसाच्या आणि रोगाच्या तावडीत सापडत नाही. थंडीत भरतं आणि जानेवारी ते मार्चमध्ये उतरतं. फ्रान्स-इटलीत काढणी होते सप्टेंबरच्या आसपास. आता बाटलीवरचं साल बघा. दोन बाटल्यांवर एकच साल छापलेलं असलं तरी नाशिकची वाइन फ्रान्सच्या वाइनपेक्षा सहा-सात महिन्यांनी मोठी असते. परदेशी लेखांमध्ये 'व्हाइट वाइन दोन वर्षांच्या आत प्या' असं वाचून आपण साल मोजतो, तेव्हा हे सहा-सात महिने हिशेबात धरायला हवेत. स्वस्त व्हाइटच्या आयुष्यात तेवढा काळ पुष्कळ असतो.

प्रकारांमध्ये यंदाही शेनिन ब्लां पहिली. ही मूळची फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातली द्राक्षं. उष्ण हवेतही त्यांचा आंबटपणा टिकून राहतो आणि वेलाला माल चांगला लागतो. वाइन स्टीलच्या टाकीत थंड तापमानाला आंबवतात, लाकडी पिंपात ठेवायची गरज नसते, आणि त्याच वर्षी विकायला काढतात. वायनरीचा पैसा अडकून पडत नाही, म्हणून हजाराच्या आत शेनिन मिळते ती तडजोड केलेली नसते. सुला वायनरीचे संस्थापक राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकात नाशिकला लागवड केली ती शेनिन आणि सॉव्हिन्यों ब्लां यांचीच. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. सुलाची शेनिन जरा गोडसर अंगाची आहे, अकलूजकडच्या फ्रातेल्ली वायनरीची त्यापेक्षा ड्राय, म्हणजे कमी गोड. नवख्या पाहुण्यांसमोर पहिली ठेवते, स्वतःसाठी दुसरी घेते.

सॉव्हिन्यों ब्लां मला जास्त आवडते, पण ती नाजूक. तिचा तो हिरवा वास, पेरू, कैरी, चिरलेली ढोबळी मिरची, हीच तिची मिळकत, आणि तोच आधी उडतो. चालू सालाची नसेल तर मी बाटली परत ठेवते.

एप्रिल, एकच वाइन, दोन दुकानं

हा प्रयोग बरेच दिवस मनात होता. एकाच कंपनीची, एकाच सालाची शेनिन दोन दुकानांतून आणली. पहिल्या दुकानात बाटल्या सगळ्यात वरच्या फळीवर उभ्या, दुकानाचं तोंड पश्चिमेला, दुपारभर ऊन आत. दुसऱ्या दुकानात काचेचा कूलर आहे आणि तो खरंच चालू असतो. दोन्ही बाटल्या रात्रभर एकाच फ्रिजमध्ये, एकाच कप्प्यात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी जाऊ आणि तिची ऑफिसातली मैत्रीण यांच्यासमोर चार-चार घोट ओतले. कुठला पेला कुठल्या दुकानाचा, ते सांगितलं नाही.

रंगातच फरक होता. पांढऱ्या कागदावर पेले धरले तर कूलरमधली फिकट, हिरव्या झाकेची. उन्हातली सोनेरीकडे झुकलेली. वास घेतल्यावर तर विचारायलाच नको. एकीत हिरवं सफरचंद, नासपती, लिंबाची साल. दुसरीत उकडलेलं सफरचंद आणि मागून किंचित अक्रोडासारखं काहीतरी. चवीला ती बसकी, आंबटपणा असूनही जागा न झालेला, आणि शेवटी जिभेवर कडवटपणा राहणारा. जावेने पेला खाली ठेवत विचारलं, "ताई, ही कालची उघडलेली आहे का गं?" बूच तिच्यासमोरच काढलं होतं.

वाइनला बारा ते पंधरा अंश तापमान मानवतं. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि पत्र्याखालच्या वरच्या फळीवर किती होत असेल ते मोजायलाही नको. एक-दोन दिवसांत काही बिघडत नाही, पण आठवडेच्या आठवडे तशी उभी राहिली की बाटलीत फळाचा ताजेपणा शिल्लक राहत नाही. किंमत मात्र दोन्हीकडे तीच छापलेली.

तेव्हापासून दुकानात मी ब्रँडच्या आधी बाटलीची तब्येत बघते. गळ्यावरचं वेष्टन बोटांनी फिरवून बघा; सहज फिरलं तर बरं, चिकटून बसलं असेल तर आतून वाइन पाझरलेली असू शकते. बूच वेष्टनाखाली वर आलेलं जाणवतं का बघा. शेजारच्या बाटल्यांपेक्षा गळ्यातली पातळी खाली असेल तर नको. फिरकीचं झाकण असलं तर उत्तम, तरुण व्हाइटला त्याहून चांगलं काही नाही. आणि शक्यतो फळीवरची घेऊच नका.

"दादा, खोक्यातली द्या ना."
"मॅडम, माल एकच आहे."
"असू दे, खोक्यातलीच द्या."

मग तो कुरकुरत मागे जातो, खोकं फोडतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. दोन-तीन वेळा असं झालं की पुढे न सांगता मागची काढून देतो. माल कुठल्या वारी येतो तेही विचारून ठेवलंय.

एका दुकानात मात्र उलटा अनुभव. "तीन वर्षं जुनी आहे मॅडम, एकदम मुरलेली," असं म्हणत सातशेची व्हाइट हातात दिली. ही वाइन लोणच्यासारखी मुरत नाही, म्हातारी होते. ज्या वाइन वर्षानुवर्षं सुधारतात त्या मुळात तशा बनवलेल्या असतात, आणि आपल्या बजेटात त्या नसतात.

मे, रेडचा हिशेब

रेडमध्ये हजाराच्या आत हात आखडतो, आणि त्याचं कारण लाकूड. फ्रेंच ओकचं नवं पिंप २२५ लिटरचं, त्यात ३०० बाटल्या बसतात. पिंपाची किंमत पाऊण लाखाच्या घरात धरली तर नुसत्या लाकडाचे बाटलीमागे अडीचशे रुपये झाले. पिंप दोन-तीनदा वापरलं की हा आकडा खाली येतो, पण चवही उतरते. शिवाय वर्षभर माल कोठारात पडून. स्वस्त रेडमध्ये ओकचा, व्हॅनिलाचा वास भरभरून आला तर तो बहुतेक वेळा पिंपाचा नसून टाकीत सोडलेल्या ओकच्या तुकड्यांचा किंवा फळ्यांचा असतो. यात फसवणूक नाही, जगभर चालतं. पण मला ते फळावर चढवलेल्या अत्तरासारखं लागतं, म्हणून या किमतीत मी बिनलाकडाची, तरुण शिराझ किंवा कॅबर्ने-शिराझ घेते (दोन्ही काळ्या द्राक्षांच्या जाती). मर्यादा ओलांडायचीच झाली तर सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ. तिच्यात लाकूड जागेवर बसलेलं असतं. फ्रातेल्लीची सेत्ते किंवा इगतपुरीजवळच्या व्हॅलोनेची माल्बेक हे प्रकरण वेगळं, ते वाढदिवसाच्या पाकिटातून.

काही देशी रेड उघडल्याबरोबर जळक्या रबराचा वास येतो. बाटली लगेच बाजूला करू नका. स्टीलच्या तांब्यात ओता, दुसऱ्या तांब्यात उंचावरून ओता, तीन-चार वेळा. हवा लागली की पुष्कळदा वास जातो. नाहीच गेला तर उद्याच्या मटणाच्या रश्श्यात.

आणि रेड थंड करा. 'रूम टेंपरेचरला द्या' म्हणतात ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आपली मे महिन्यातली खोली बत्तीसची. त्या तापमानाला फक्त अल्कोहोल नाकात जातं. फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवली की साडेआठशेची शिराझ माणसात येते. एवढ्या स्वस्तात दर्जा वाढवणारा दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

जून, परदेशी फळी

दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतं की फ्रेंच किंवा चिलीची स्वस्तातली का घेत नाहीस. आकडेमोड करून बघा. बंदरात २५० रुपयांना उतरलेल्या बाटलीवर १५० टक्के आयातशुल्क म्हणजे ३७५. झाले सव्वासहाशे. त्यावर राज्याचे कर, आयातदार, वितरक, दुकानदार. फळीवर येईपर्यंत दीड हजार होतात आणि आत वाइन अडीचशेचीच. उलट महाराष्ट्रात २००१च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून इथल्या वाइनला करात सवलत मिळत आली आहे, विक्रीवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के परतावा वायनरीला मिळण्याची योजनाही आहे. त्यामुळे आपल्या पैशांचा मोठा भाग द्राक्षांवर जातो, करांवर कमी.

ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. तेव्हा आमच्या गटात बरीच चर्चा झाली. पण सवलत आहे ती पाच डॉलरच्या वर आयातमूल्य असलेल्या बाटल्यांना: त्यांचं शुल्क १५० वरून आधी १०० टक्के आणि दहा वर्षांत ५०पर्यंत. पंधरा डॉलरच्या वरच्यांना आणखी जास्त सूट. आपल्या खिशातली, पाच डॉलरच्या आतली, ती करारात नाहीच. तेव्हा ऑस्ट्रेलियन शिराझची वाट बघायची असेल तर दोन हजारांच्या फळीवर बघा, आणि सावकाश.

जाता जाता: जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं. विरोध झाला, ते बारगळलं. त्यातल्या राजकारणात मी पडत नाही, पण दिवसभर एसी चालू असलेल्या दुकानातली शेनिन प्यायला मला आवडलं असतं.

जुलै, ताटातलं

थोडक्यात लिहिते, कारण यावर भांडणं फार होतात. ड्राय शेनिन आणि कोथिंबीर वडी: हाच या वर्षीचा शोध, तिळासकट. सॉव्हिन्यों ब्लां आणि बोंबील फ्राय, वर लिंबू पिळू नका, वाइनमध्येच आहे. तांबड्या रश्श्याबरोबर कॅबर्ने कृपया नको. टॅनिन (रेडमधला तोंड आवळणारा तुरटपणा) आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाला चेतवतात, तोंड पेटतं आणि वाइन कडू लागते. तिथे किंचित गोडसर, गार केलेली झिनफँडेल रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, चालते. सासऱ्यांना रोझे म्हणजे सरबत वाटायचं, आता पहिला पेला तेच मागतात.

उघडलेली व्हाइट झाकण लावून फ्रिजमध्ये तीन दिवस बरी राहते, चौथ्या दिवशी स्वयंपाकात.

पुढचा टप्पा ड्राय रोझेचा. ग्रोव्हर वायनरीची शिराझ रोझे यादीत आहे, बाकीच्या सुचवा. हिवाळ्यात अकलूजकडे मोटेवाडीला, फ्रातेल्लीच्या मळ्यावर, जायचं चाललंय, कोणी येणार असेल तर मधल्या वारची रजा आताच टाकून ठेवा. आणि एक काम आहे: नागपूर, चंद्रपूर, जळगावकडच्या मंडळींनी आपापल्या गावात शेनिन घेताना साल, खरेदीचा महिना आणि दुकानात कूलर होता का, एवढं लिहून पाठवा. चवीचं दोन ओळींत पुरे. उन्हाळ्यातली आणि दिवाळीनंतरची अशी एकाच दुकानातली जोडी कोणाला जमली तर ती सगळ्यात आधी वहीत घेईन.