स्वर्गाच्या दारात न्याफ्रों

फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या जुन्या भागात गिन्योल नावाच्या बाहुल्याचा खेळ पाहिला. मुलांसाठी म्हणून लावलेला, पण सगळ्यात जास्त खिदळत होते ते नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा. गोष्ट काय? गिन्योलचा जिगरी दोस्त न्याफ्रों मेलाय आणि वर त्याचा हिशेब चाललाय.

हा न्याफ्रों म्हणजे लाल नाकाचा चांभार, बोजोले वाइनचा भक्त. स्वर्गाच्या दाराचा राखणदार सेंट पीटर चित्रगुप्तासारखी जाडजूड वही उघडून बसलेला. न्याफ्रोंचा पहिलाच प्रश्न: "आत बोजोले मिळते का?" नाही म्हटल्यावर तो सैतानाकडे वळतो, "तुमच्याकडे?" सैतान म्हणतो, "मिळते, पण उकळती." रांगेत नीट उभा राहा म्हणून दरडावलं, तर म्हणे, "साहेब, मला पाय कुठायत?" खरंच नसतात. हातमोज्यासारखी बाहुली ही. तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधलं बोट हातांत, खाली नुसतं कापड.

लोराँ मूर्गे नावाच्या माणसाने हे सगळं उभं केलं. मूळचा रेशीम विणणारा, जन्म 1769चा. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर रेशमाचा धंदा बसला, तेव्हा तो जत्रांतून लोकांचे दात उपटू लागला आणि गिऱ्हाईक जमावं म्हणून शेजारी बाहुल्या नाचवू लागला. दातांपेक्षा बाहुल्यांचंच जास्त चाललं. आधी न्याफ्रों आला, मग 1808च्या सुमारास गिन्योल: डोक्यावर काळी टोपी, मागे छोटी शेंडी, हातात दांडकं. तो कायम भाडं थकलेला, दारात कायम घरमालक नाहीतर शिपाई. संवाद ऐन वेळी सुचतील तसे, त्यामुळे सरकारवर टोमणेही भरपूर. 1852 मध्ये संहिता आधी दाखवून मंजूर करून घेण्याची सक्ती झाली, ती उगाच नव्हे.

म्हणूनच मला वाटतं, गिन्योलला परलोकाची भीती नाही. वसुलीवाल्यांना ज्याने जन्मभर बडवलं, त्याच्या लेखी सैतान हा आणखी एक वसुलीवाला. मित्राला सोडवायला तो जिवंतपणीच वर पोचतो. सैतान मागून येतो तेव्हा सगळी पोरं ओरडतात, "मागे बघ, मागे!" गिन्योल मुद्दाम भलतीकडे बघतो. मग लाकडी डोक्यावर दांडक्याचा असा खण्णकन आवाज, की पुढच्या रांगेतली एक चिमुरडी दचकून बाबांच्या मांडीवर चढली. सैतानाच्या कपाळावरचा रंग तिथेच नेमका उडालेला होता. रोजचा मार असावा.

निकाल मात्र माराने लागत नाही. पीटर कागद चाळतो आणि म्हणतो, मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स जोडलेली नाही, फाईल अपूर्ण, परत जा! इथे मोठी माणसं अक्षरशः टाळ्या पिटायला लागली. राहण्याच्या परवान्यासाठी इथल्या सरकारी खिडक्यांसमोर मीही ताटकळलोय, त्यामुळे मी सगळ्यात जोरात.